मैलकुलीचा बावटा

मुंबई-गोवा रस्त्यावर मी एसटी चालवायला लागलो तेव्हा तो एन. एच. 17 होता, 66 हा आकडा फार उशिरा आला. कामं तेव्हाही निघत, पण पावसाळा सरल्यावर आणि थोडक्या लांबीत. बांधकाम खात्याच्या मैलकुलींची टोळी खडी पसरायची, कडेला डांबराची पिंपं तापत असायची, रोलर धापा टाकत मागेपुढे करायचा. अर्धा रस्ता बंद, अर्धा चालू. दोन्ही टोकांना एकेक माणूस लाल-हिरवे बावटे घेऊन उभा. मधे वळण असलं तर तिसरा शिट्टीवर. रात्री पिंपांना चुन्याचे पट्टे, ओळीने मांडलेले दगड आणि लाल काचेचा कंदील. कंदील विझू नये म्हणून कोणीतरी तिथेच घोंगडी पांघरून बसलेला असे. साधनं एवढीच, पण बंदोबस्त चोख होता. बावटेवाल्याने हात आडवा केला की बोरिवलीची रातराणीसुद्धा मुकाट थांबायची.

2011मध्ये पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला सुरुवात झाली आणि सगळं पालटलं. काम एका जागी राहिलं नाही, वडखळ, नागोठणे, कोलाड असं पसरलं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. यंत्रं आली, माणूस गेला. बावट्याच्या जागी पत्र्याचा बाण, तोही धुळीने माखलेला. पहिल्याच पावसात आडवा. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेबद्दलची मार्गदर्शिका 2001पासून आहे, 2014मध्ये ती सुधारली. आधी सूचना, मग वळवणूक, मग कामाचा पट्टा, मग मोकळा रस्ता, असा सगळा क्रम तिच्यात दिलाय. आम्हाला बरेचदा वळवणूक आधी भेटायची आणि सूचना नंतर.

खरा घात खड्ड्यांनी केला नाही. नवी काँक्रीटची बाजू तयार झाली की दोन्हीकडची वाहतूक तिच्यावरच सोडत आणि जुनी बाजू उखडत. मुंबईहून नवखा गाडीवाला यायचा, गुळगुळीत रुंद रस्ता बघून तो चौपदरी झाला असं समजायचा आणि उजव्या हाताने सुसाट सुटायचा. समोरून डिपर आला की त्याला कळायचं, पण तोवर वेळ निघून गेलेली असे. डावीकडे घ्यावं तर काँक्रीटची कड साईडपट्टीपेक्षा वीतभर उंच. चाक उतरलं की गाडी कलंडलीच. म्हणून अशा पट्ट्यात मी गाडी डावीकडेच ठेवायचो, पण कडेपासून हातभर आत. पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे एकदम डावीकडे सरकले की डायव्हर्जन आलं म्हणायचं, पाटी असो वा नसो. ओल्या मुरमावर दुसरा गिअर आणि ब्रेकला पाय नाही. मोबाइलच्या नकाशावर भिस्त ठेवू नका, रस्ता काल रात्रीतून हललेला असू शकतो.

परशुराम घाटात मात्र शहाणपण दिसलं. डोंगर वर कापायचा आणि खालून गाड्या सोडायच्या, हे जमणारं नव्हतंच. 2022च्या एप्रिल-मेमध्ये महिनाभर रोज दुपारी 12 ते 5 घाट बंद ठेवला. लोकांनी शिव्या दिल्या. मला तो निर्णय पटला: बंद म्हणजे बंद, कधी ते आधी सांगितलेलं. कशेडी घाटात तर बोगदा असल्याने काम रस्त्यापासून लांबच झालं. 2023च्या गणपतीत एक बाजू हलक्या गाड्यांना उघडलीसुद्धा. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. माणसं वाचली, हे नशीब. तेव्हापासून गर्डर चढत असलेल्या पुलाखाली मी गाडी क्षणभरही उभी करत नाही.

2019च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम 198अ आलं. सुरक्षेचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कंत्राटदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. कोट्यवधींच्या कामात ही रक्कम चहापाण्याची.

गणपतीला गावी निघालात तर कामाचे पट्टे उजेडी गाठा. आणि कुठे बावटा घेतलेला माणूस दिसलाच तर काच खाली करून पुढचं विचारा. पाटीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.