कागदावर उतरण्याआधीचं गाणं

मुलांना संगीत शिकवताना खेळ वापरावेत, रंगीत पत्ते, चित्रं, सुरांची सापशिडी असं साहित्य हाताशी ठेवावं, ही कल्पना आता पुण्याच्या उपनगरांत चांगली रुजली आहे. बिबवेवाडीसारख्या भागात हे विशेष जाणवतं. सातारा रस्त्याच्या पूर्वेला, मार्केट यार्डाच्या दक्षिणेला पसरलेली ही वस्ती मुळात शहराबाहेरचं गाव होती. गायनाच्या जुन्या, नामांकित संस्था स्वारगेटपलीकडे पेठांमध्ये आहेत, म्हणून इथल्या लहान मुलांचं पेटी-तबल्याचं शिक्षण बरंचसं घरगुती क्लासमध्ये होतं, आणि मुलं टिकावीत म्हणून क्लासमध्ये खेळ येतात. त्यावर दोन तऱ्हेची मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, अखेर आपण आधुनिक झालो. दुसरं म्हणतं, तालमीचा पोरखेळ झाला. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे: खेळातून संगीत शिकवणं ही नवी, बाहेरून आलेली गोष्ट आहे. इतिहास या समजुतीला आधार देत नाही. पुण्यातल्या मुलांचं पहिलं संगीतशिक्षण पूर्वी खेळातच होत असे. संगीत कागदावर उतरलं तेव्हा खेळ बाजूला पडला, त्यालाही सबळ कारणं होती. आज खेळ परत येतोय तो मात्र कागदाचाच होऊन, आणि खरी अडचण तिथे आहे.

भोंडला जरा जवळून पाहावा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा सुरू होतो, तो सोळा दिवसांचा. पुण्यात नवरात्राच्या नऊ दिवसांचा भोंडला अधिक रुळला. पाटावर हत्ती काढायचा किंवा मांडायचा आणि मुलींनी हात धरून त्याभोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी रोज एकाची भर. संगीत शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ही पाठांतराची उत्तम क्रमवारी आहे. कालचं सगळं आज पुन्हा म्हटलं जातं आणि वर एकच नवं येतं. गाण्यांची चाल चार-पाच सुरांत फिरते, त्यामुळे लहान गळ्याला ताण पडत नाही. एकाच चालीवर अनेक गाणी बसतात, त्यामुळे चाल आणि शब्द वेगळे काढायची सवय आपोआप लागते. पावलं लयीत पडावी लागतात, कारण एकीचं पाऊल चुकलं तर शेजारणीचा हात ओढला जातो. चूक दाखवून द्यायला तिथे मास्तर लागत नाही. काही गाणी साखळीची असतात. कारल्याच्या गाण्यात माहेरी निघालेल्या सुनेला आधी बी पेरायला सांगतात, मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे, असं एकेक पायरीने गाणं लांबत जातं. सासू, सासरे, दीर, नणंद अशा नात्यांच्या माळेवर चालणारी गाणीही आहेत. एक दुवा निसटला की कडवं अडतं. शेवटी खिरापत ओळखायची. आई डबा झाकून उभी आणि मुली गोड की तिखट, ओली की कोरडी असं विचारत विचारत उत्तराकडे सरकतात. दमलेल्या मुलीलाही शेवटच्या गाण्यापर्यंत थांबायला लावणारी ही युक्ती किती पिढ्यांनी घासूनपुसून तयार केली असेल!

झिम्मा, फुगडी, पिंगा हे नागपंचमी-मंगळागौरीचे खेळही याच जातीचे. फुगडीत लय हळूहळू चढवत न्यावी लागते आणि दोघींना ती एकत्रच चढवावी लागते. द्रुत लयीत न घाबरणं यापेक्षा वेगळं काय असतं? मुलग्यांकडे भजनातले टाळ होते, लेझीम होती, आणि लोकमान्यांच्या काळात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिल्यावर मेळे आले. मेळ्यात पोरं एकसारखा पोशाख करून, पद ऐकून ऐकून तोंडपाठ करून रस्त्याने गात जात. हे चित्र रंगवताना एक गोष्ट मात्र लपवू नये. मुलींचे हे खेळ लग्नापर्यंत आणि फार तर नव्या संसाराच्या पहिल्या वर्षांपर्यंतच मोकळे होते. कोण कोणाच्या फेरात उभं राहणार, हे जात आणि आळी ठरवत असे. या खेळांतून पुढे रागसंगीताकडे जाणारी वाट बहुतेक मुलींना बंदच होती.

ती वाट उघडली ती शाळेने, आणि इथेच खेळ मागे पडला. १८७४ मध्ये पुणे गायन समाज स्थापन झाला तेव्हा सुशिक्षित घरांत गाण्याविषयी आकस होता. गाणं म्हणजे बैठक, गाणं म्हणजे तमाशा, असं समीकरण पक्कं होतं. ते मोडायचं तर गाण्याला इतर विषयांच्या शेजारी बसवणं भाग होतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते याच हेतूने: ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, शिस्त, प्रार्थना, परीक्षा. मुलांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकं केली. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाजाचा पाया घातला. १९३१ मध्ये पलुस्कर गेले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलं, आणि पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, विनायकबुवा पटवर्धनांनी गंधर्व नाटक मंडळी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मध्यमवर्गातली मुलगी उजळ माथ्याने तंबोऱ्याशी बसू लागली ती या माणसांच्या कष्टांमुळे. त्यांनी खेळ का टाळला, हे समजायला अवघड नाही. ज्या विद्येला लोक चैन आणि छंद समजत होते, तिला विद्या म्हणून उभं करताना तिच्यात हसण्याखेळण्याला जागा देणं धोक्याचं होतं. शिवाय घरच्या अंगणातला भोंडला ही संगीताची शाळा आहे, असं त्या काळी कोणाला वाटणार? तो बायकांचा सण होता. मला या इतिहासातली सर्वांत मोठी हानी तिथे दिसते. मुलींना संगीत देण्यासाठी झटलेल्या चळवळीने मुलींजवळ आधीपासून असलेली शिकवण्याची रीत मोजलीच नाही.

कागद आला तो स्वरलेखनाच्या रूपाने. पलुस्करांची एक पद्धत, भातखंड्यांची दुसरी. भातखंड्यांच्या लेखनात मंद्र सप्तकाचा बिंदू स्वराखाली येतो, पलुस्करांच्या लेखनात तो स्वराच्या डोक्यावर. दोन्हींची सवय लावताना विद्यार्थ्यांची आजही तारांबळ उडते. या लेखनाने घराण्यांच्या पेटाऱ्यात बंद असलेल्या चिजा कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आल्या, हा उपकार मोठा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. पण कागदाच्या या राज्यातही दोन खेळ टिकून राहिले, आणि ते टिकले हे फार बोलकं आहे. एक भातखंड्यांची लक्षणगीतं. रागाचा थाट, वादी-संवादी, गायचा समय हे सगळं त्याच रागात बांधलेल्या गीताच्या शब्दांत घालायचं, म्हणजे व्याकरण आणि उदाहरण एकाच वेळी तोंडात बसतं. दुसरा खेळ हातावरच्या टाळी-खालीचा. तीनतालाच्या सोळा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात उलटा बाजूला. यात एक गंमत आहे. नवव्या मात्रेवर हात खाली जातो, पण तबल्यावर तिथे अजून ‘धा’च असतो, डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो तो पुढच्या ‘तिं तिं ता ता’मध्ये, आणि चौदाव्या मात्रेला ‘धिं’ने तो परततो. हात एक सांगतो आणि कान जरा उशिराने त्याची साक्ष देतो. हे ओळखायला लागलेल्या मुलाला ताल कळला असं समजावं. त्यासाठी ना पुस्तक लागतं ना पाटी.

आता युरोपाकडे पाहू, कारण तिकडचे खेळ इकडे येतात. एडिंबरोच्या अ‍ॅन यंग या संगीतशिक्षिकेने १८०१ मध्ये संगीतखेळांच्या एका पेटीचं पेटंट घेतलं होतं. फासे, सोंगट्या आणि पटाच्या आधारे स्वरलिपी आणि संगीताचे नियम शिकवायचे, अशी तिची रचना. कल्पना हुशारीची होती आणि तिथल्या गरजेला धरून होती, कारण तिथलं संगीत कागदावर लिहिलेलं असतं आणि ते वाचता येणं ही पहिली पायरी. आज मिळणारे बरेच संगीताचे पत्ते आणि पट याच वंशातले आहेत. ते वाचायला शिकवतात. आपल्या संगीतात पहिली पायरी वाचण्याची नाही. इथे आधी षड्ज कानात बसावा लागतो आणि आवर्तन अंगात. म्हणून युरोपातलंच दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं: मारिया माँटेसरींच्या घंटा. त्यात घंटांच्या जोड्या असतात. आकार एक, उंची एक, फरक फक्त नादात. मुलाने वाजवून, ऐकून जोडी जुळवायची. डोळ्यांनी उत्तर सापडतच नाही. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरींचे विचार घेऊन काम करत होत्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडला त्यांनी महागडं साहित्य बाजूला ठेवलं आणि दगड, बिया, शिंपले, पानं यांतून शिकवण्याची साधनं उभी केली. बाहेरची वस्तू न आणता तिच्यामागचा विचार आणायचा, हा धडा त्यांनी मराठी मुलखात ऐंशी वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भोंडल्याच्या चार सुरांतून राग शिकता येत नाही. खरं आहे. त्या गाण्यांना ठरलेला षड्ज नसतो, श्रुतींची बारकाई नसते, आणि फेर धरून यमन कोणालाच येणार नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला यमन यावा अशी अपेक्षा तालमीतसुद्धा नसते. त्या वयात हवं असतं ते लय न सोडणं, ऐकलेलं जसंच्या तसं परत करणं, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवणं. आणि तेवढं फेरात पुरेपूर मिळतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खेळाची सवय लागलेलं मूल रियाजाला बसत नाही. पलट्यांची शंभर आवर्तनं कंटाळवाणीच असतात आणि तो कंटाळा सोसायला शिकणं हेच शिक्षण, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. फक्त पलटा म्हणजे काय, तेही पाहावं. सारेग, रेगम, गमप. एक नमुना दिला की पुढची पायरी मुलाने स्वतः शोधायची. पलट्यात कोडं आधीपासूनच आहे. आपण ते न विचारता थेट उत्तर पाठ करून घेतो, म्हणून कंटाळा येतो. मुलाला दोन पायऱ्या सांगून तिसरी त्याच्या तोंडून काढून घेतली, तर आवर्तनं कमी करायची गरज पडत नाही.

याच कसोटीवर आजच्या साधनांकडे पाहिलं की निवड सोपी होते. बिबवेवाडीतल्या एखाद्या क्लासमध्ये पेटीच्या किंवा कीबोर्डच्या पट्ट्यांवर सा, रे, ग, म अशी रंगीत चिकटपट्टी लावलेली दिसली, तर ती मुलाच्या सोयीची वाटते. पण ती पांढरी एकपासून लावलेली असते, आणि बऱ्याच मुलांचा गळा तिथे बसत नाही. एकाला काळी चार लागते, दुसरीला पांढरी पाच. काळी चारला सा धरला की सप्तक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत विखुरतं आणि चिकटपट्टीवरचं ज्ञान निरुपयोगी ठरतं. मूल रंग पाहून बरोबर पट्टी दाबतं, शिक्षकाला समाधान वाटतं, आणि कान मात्र होता तिथेच राहतो. त्याच मुलाला पाठमोरं उभं करून ‘वाजलेला सूर सा होता की प’ असं विचारलं, तर खिरापत ओळखण्याचाच खेळ होतो आणि उत्तर कानालाच द्यावं लागतं. तीनतालासाठी रंगीत तक्ता टांगण्याऐवजी सोळा मुलांचा फेर धरावा. प्रत्येकाने आपली मात्रा म्हणायची, नवव्याने हात उलटा करायचा, आणि दर आवर्तनाला सगळ्यांनी एक जागा पुढे सरकायचं, म्हणजे सम आणि खाली प्रत्येकाच्या वाट्याला येते. सोळा मुलं नसतील तर आठांत केरवा, सहांत दादरा. मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसणाऱ्या मुलाला ठेका हातावर टाळी-खाली दाखवत म्हणावाच लागतो, तेव्हा हा वेळ अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, अशी तक्रार कोणत्याही पालकाला करता येणार नाही. नवरात्रात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये भोंडला होतोच; हल्ली तिथे पुष्कळदा स्पीकर गातो आणि मुली नुसत्या फिरतात. त्या नऊ दिवसांपुरता स्पीकर बंद ठेवून क्लासमधल्या मुलींनीच पट्टी धरावी आणि रोज एक गाणं वाढवत न्यावं, इतकं तरी इथल्या संगीतशिक्षकांनी या वर्षी मागून घ्यावं.