कौल, मुदत आणि वस्ती

मराठी राज्यात नवी पेठ वसवावयाची म्हणजे मोकळ्या जागेवर रस्ते आखून आणि दुकानांच्या जागा मोजून देऊन भागत नसे. ज्याला त्या पेठेचे शेटेपण हवे असेल त्याने परगावचे वाणी, उदमी, साळी, कासार यांची मनधरणी करून त्यांना कुटुंबकबिल्यासह आणावे, आणि सरकारने त्यांना अभयाचा कौल लिहून द्यावा, असा तो परस्परांच्या जबाबदारीचा व्यवहार होता. अमुक वर्षे जकात माफ, मोहतर्फा म्हणजे धंद्यावरील कर माफ, वेठबिगार माफ, असे त्या कौलात स्पष्ट लिहिलेले असे आणि मुदत सरली म्हणजे शिरस्त्याप्रमाणे वसूल सुरू होई. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुणब्यास आरंभी हलका सारा लावून तो दरसाल चढवीत पूर्ण दरापर्यंत नेणारा जो इस्तावा, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता की आजचा महसूल सोडल्यावाचून उद्याची वस्ती उभी राहत नाही. पुण्याच्या अनेक पेठा अठराव्या शतकात याच रीतीने भरल्या.

नाशिकच्या परिसरात या रीतीचे जिवंत स्मारक पाहावयाचे तर येवल्यास जावे. रघोजी नाइकांनी हे गाव वसविले आणि विणकरांना आश्रय देऊन येथे आणले, असे तेथील परंपरा सांगते; तो आश्रय देणारी राजवट गेली, पुढे ज्यांच्या जहागिरीत गाव आले त्या विंचूरकरांचा अंमलही गेला, पण पैठणीचा माग अजून चालू आहे. खुद्द नाशकात तांबट आळीतील घणांचा नादही असाच दीर्घकाळ टिकला. त्याचे कारण एखाद्या सनदेत शोधण्यापेक्षा गोदावरीच्या घाटावर शोधावे, कारण पंचवटीस आणि त्र्यंबकेश्वरी येणारा यात्रेकरू तांब्यापितळेचे भांडे घेतल्यावाचून परतत नसे, आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ त्या गिऱ्हाइकीची पुनःपुन्हा ग्वाही देत असे.

इंग्रजी अंमलात कौलाची भाषा लोपली. नाशिकरोडला १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना उभा राहिला खरा, परंतु ते सरकारचेच कारखाने; तेथे कोणा उदम्याची मनधरणी करण्याचे कारण नव्हते. ती वेळ आली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर. मुंबईत आणि ठाण्यात कारखान्यांची दाटी झाली होती आणि उर्वरित राज्य शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर दिवस काढीत होते. हा असमतोल दूर करण्यासाठी १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना जाहीर झाली, आणि १९६६ मध्ये भांडवल पुरविण्यास व योजना राबविण्यास ‘सिकॉम’ उभी राहिली. पुढे या योजनेच्या नव्यानव्या आवृत्त्या निघाल्या आणि तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली: प्रगत टापूस सवलत नाही, आणि तालुका जितका मागासलेला तितकी विक्रीकराची माफी किंवा तो उशिराने भरण्याची मुभा अधिक काळ. पेशव्यांच्या दफ्तरातील कारकुनास हा कागद दाखविला असता तर त्याची परिभाषा त्यास अनोळखी वाटली असती, पण त्यातील मुदतीचा कौल त्याने तत्काळ ओळखला असता.

नाशिकने या कौलाचा उत्तम उपयोग केला, याचे कारण सवलतीबरोबर देण्यासारखे त्याच्यापाशी आणखी पुष्कळ होते. मुंबई-आग्रा रस्ता आणि लोहमार्ग दाराशी होते. गंगापूर धरणाचे पाणी होते. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, ज्याचे श्रेय नाशिककर आजही तत्कालीन संरक्षणमंत्री आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले यशवंतराव चव्हाण यांना देतात. रघुनाथरावांनी वाडा बांधलेल्या आनंदवल्लीच्या शेजारी, सातपूरला, महामंडळाची वसाहत आणि नाशिककरांची सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली. ‘मायको’ आली, महिंद्रा आली, आणि त्यांच्या सभोवती त्यांना सुटे भाग घडवून देणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निघालेला जोडारी आणि कातारी, खानदेशातून पोटासाठी आलेला आणि सिडकोच्या लहानशा घरात स्थिरावलेला कामगार, उधारीवर माल देणारा दुकानदार, ही सारी मंडळी मोठ्या कारखान्याच्या पायांभोवती मुळांसारखी पसरली. कौलाची मुदत संपल्यावर उदमी उठून दुसऱ्या पेठेत का जात नाही, याचे उत्तर मला या मुळांत दिसते.

अर्थात सारेच राहिले नाहीत. प्रतवारीच्या नियमाचा परिणामच असा की नवा कारखाना सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी या तालुक्यांकडे सरकला. विकासाच्या समतोलासाठी ते इष्टच होते. परंतु जो कारखानदार प्रत्येक मुदतीअखेर नव्या माफीचा शोध घेत फिरतो, तो ज्या गावाच्या तिजोरीतून माफी घेतो त्या गावाचा कधीच होत नाही, आणि ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी वसाहतीसाठी गेल्या त्यांच्या त्यागाची फेडही तो करीत नाही.

याच्या उलट उदाहरण द्राक्षांचे. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर करून वाइनवरील उत्पादन शुल्क माफ केले आणि विंचूरकरांच्या त्याच विंचूरला वाइन उद्यान उभारले. ही सवलत फळास आली, कारण निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याने ती येण्यापूर्वीच द्राक्षवेलीचे शास्त्र आत्मसात केलेले होते; बीज रुजावे अशी भूमी तेथे तयार होती.

२०१३ मध्ये नाशिकचे जकात नाके उठले. त्यांच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. ज्या जकातीच्या माफीवर पूर्वीच्या पेठा वसल्या, ती जकातच नाहीशी झाल्याने शहराच्या हाती स्वतःचा असा कौल फारसा उरलेला नाही. मला यात खेद करण्यासारखे काही वाटत नाही. नियमित पाणी, चालण्याजोगा रस्ता, हुन्नर शिकविणारी शाळा आणि दिलेला शब्द पाळणारी कचेरी, एवढे नाशिकने सांभाळले तर हा कौल माफीच्या कौलाहून मोठा ठरेल, कारण त्याला मुदत नाही आणि त्याचा लाभ परक्या उदम्याइतकाच तांबट आळीतल्या कारागिरालाही मिळतो.