सोहोनी, कमला (१९११–१९९८)
भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाची ही दृष्टी! कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या परीक्षाधीन मुदतीवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्यांसारखा कडक, पण मनापासून शिकवणारा मार्गदर्शक लाभला. कमलाबाईंचे काम पाहिल्यावर संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम सी या प्रथिनावरील संशोधनासाठी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी.; प्रबंध अवघा ४० पानांचा. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन. तेथील संचालकपद मात्र उशिराच हाती आले.