बोर्लीहून पुढे कोण कशासाठी जातो

म्हसळ्याकडून बोर्ली पंचतनला आलेली गाडी पुढे चार-पाच किलोमीटरवर दिवेआगर गाठते. मोजदाद करणारे तिच्यातल्या सगळ्यांना ‘पर्यटक’ या एकाच रकान्यात टाकतात आणि इथेच या किनाऱ्याचा अलीकडचा इतिहास चुकीचा वाचला जातो. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीतून सोन्याचा गणपती निघाला आणि गावाकडे भाविकांची रीघ लागली. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन मूर्ती पळवली. समुद्र तोच, रस्ता तोच, माशांचे जेवणही तेच. तरी दर्शनाची गर्दी ओसरली आणि पुळणीसाठी येणारे मात्र येत राहिले. एकाच रकान्यातली माणसे वेगवेगळ्या गोष्टींसाठी येत होती, हे त्या चोरीने उघडे पाडले.

यावर कोणी म्हणेल, आवडीनिवडीचे एवढे काय? माणूस जवळचे आणि परवडणारे ठिकाण गाठतो. यात तथ्य आहे. १९४७ मध्ये हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञाने प्रवासखर्च हीच अशा जागेची किंमत धरावी, असे सुचवले होते. पण ती किंमत सगळ्यांना सारखी जड वाटत नाही. हरिहरेश्वरला पितरांचे विधी करायला निघालेले कुटुंब वाटेतल्या चांगल्या पुळणीसाठी बेत बदलत नाही. पोहायला निघालेली मुले सहज बदलतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तोच माणूस सकाळी देवळात आणि संध्याकाळी लाटांत असतो, मग वर्गवारी कशी करायची? केनेथ ट्रेन यांनी १९९८ मध्ये मोंटानातल्या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांचा अभ्यास मांडला, त्यात याचे उत्तर सापडते. त्यांनी माणसांचे कप्पे केले नाहीत. मासे, निसर्गसौंदर्य, प्रवासखर्च यांना प्रत्येक जण आपापले वजन देतो, असे धरून ती वजने किती विखुरलेली आहेत हे त्यांनी मोजले. सरासरी माणूस गृहीत धरला की हा विखुरलेपणाच पुसला जातो.

दिवेआगरला त्याची झळ बसू शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये गणपतीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली आणि भाविकांचे हरवलेले परत मिळाले. वाडीच्या गारव्यासाठी उतरणाऱ्यांचे तसे नाही. सुपारीचे नवे झाड धरायलाच पाच-सात वर्षे लागतात. नुसत्या डोक्यांची गणती पूर्ववत झाली म्हणून वाडीवाल्याची मदत थांबवणे हा हिशेबही चुकीचा आणि त्याच्यावर अन्यायही.