चेहऱ्याला मास्क, की मास्कला चेहरा?



आपल्या यवतमाळ जिल्ह्याला ‘मास्क’ हा शब्द दोन वेळा जिव्हारी लागला. २०१७ च्या पावसाळ्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येक दगावले, तेव्हा पहिल्यांदा. मग करोनात. हे दोन्ही मास्क बाहेरचं आत येऊ नये म्हणून होते. आज आपण बोलणार आहोत ते उलट काम करणाऱ्या, श्वास आत पोचवणाऱ्या मास्कबद्दल.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. एप्रिल २०२१. आमचे थोरले बंधू दवाखान्यातून घरी आले, पण ऑक्सिजन चालू ठेवायचा होता. मिनिटाला ५ लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं मिळालं. दुकानदार म्हणाला, “हा पिशवीवाला मास्क न्या, यातून जास्त ऑक्सिजन जातो.” महाग होता, म्हणजे चांगलाच असणार! आम्ही आणला. रात्रभर दादा तो ओढून काढत होते आणि आम्ही पुन्हा लावत होतो. “नको रे, जीव घाबरतो,” म्हणायचे. आम्हाला वाटलं, हट्टीपणा. सकाळी शेजारच्या निवृत्त सिस्टर आल्या. बघताच म्हणाल्या, “सर, पिशवी फुगतच नाही, तर हे श्वास कुठून घेणार?” त्या पिशवीला मिनिटाला १० ते १५ लिटर लागतात. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, नाकातली साधी नळी लावली, आणि तासाभरात दादा शांत झोपले. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आम्ही, आणि ‘महाग ते चांगलं’ या अनुमानात फसलो.

नंतर आम्ही या वस्तूचा इतिहास वाचला. तेव्हा कळलं की ही चूक काही आमची एकट्याची नव्हती.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं फुप्फुसं जळालेल्या सैनिकांसाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९१७ मध्ये ऑक्सिजन देण्याचं मास्कवालं उपकरण मांडलं. मास्क मापाचा असावा, हा विचार पुढे १९३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ठळक झाला. बूथबी आणि लव्हलेस या डॉक्टरांबरोबर तिथे आर्थर बुलबुलियन होते. ते वैद्यकीय संग्रहालय सांभाळत आणि चेहऱ्याचे कृत्रिम भाग घडवत. बघा, श्वासाच्या मास्कसाठी चेहरा जाणणारा माणूस लागला! त्यांच्या मास्कचे दोन प्रकार होते : एक फक्त नाकाचा, दुसरा नाक-तोंड दोन्हींचा. आजही दुकानात पहिला प्रश्न तोच असतो.

१९६० मध्ये मोरन कॅम्पबेल यांनी वेगळा धडा दिला. जुनाट दम्यासारख्या, धुरानं खराब झालेल्या फुप्फुसांच्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन अपाय करतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून त्यांनी व्हेंचुरी मास्क केला. तो बाहेरची हवा ठरावीक प्रमाणात ओढून २४, २८ असा मोजूनमापून टक्का देतो. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आपल्या आयाबायांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवलं पाहिजे. जास्त म्हणजे बरं, असं नाही.

आणि १९८१. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या पाच रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. नाकातून सतत दाबाची हवा सोडायची, की घसा मिटत नाही. हेच आजचं सीपॅप. सुरुवातीला प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत आणि रोज रात्री चिकटवत. यंत्र जमलं होतं, पण ते रोज वापरता येण्यासारखं झालं ते मऊ, पट्ट्यांचे मास्क आल्यावर.

मग घरी निवड कशी करायची? किती लिटर, किती दाब, हे डॉक्टर ठरवतील. ते ठरल्यावर मास्क यंत्राला जुळतो का, हे आधी विचारा. सीपॅपच्या मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्याची छिद्रं असतात. आवाज येतो म्हणून ती चिकटपट्टीनं बंद करू नका. झोपेत तोंड उघडं राहत असेल, तर नुसता नाकाचा मास्क बहुधा पुरत नाही. भरघोस मिशी असेल, तर कडेनं हवा गळते. कवळी रात्री काढत असाल, तर माप कवळी काढूनच घ्या. मास्क आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून बघा, कारण बसल्यावरचा चेहरा आणि झोपल्यावरचा चेहरा एक नसतो. गळतो म्हणून पट्टे आवळत जाऊ नका. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला, की माप चुकलं समजा. पेसमेकर असेल, तर चुंबकाच्या क्लिपांचा मास्क नको. आणि वीज गेली तर काय करायचं, हे आपल्याकडे पहिल्याच दिवशी ठरवलेलं बरं.

शेवटी एकच. दादा त्या रात्री मास्क काढत होते, तेव्हा ते आम्हाला काहीतरी सांगत होते. आम्ही ऐकलं नाही. घरातलं माणूस मास्क काढत असेल, तर रागावण्याआधी विचारा : कुठे टोचतं? हवा येते का? आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.