पाहुणा कोण, यजमान कोण

विलेपार्ले स्टेशनच्या पूर्वेला तुम्ही उभे आहात आणि हवेत भाजक्या बिस्किटांचा वास आहे. एवढ्यावरून काळ ओळखा. पार्ले बिस्किटांचा इथला कारखाना २०१६ साली बंद झाला, म्हणजे तुम्ही त्याच्या आधी कुठेतरी पोचला आहात. साल आहे २००३.

खिडकीवर डहाणू रोडचं तिकीट मागा. थेट लोकल कधी आहे ते विचारू नका, ती सुरू व्हायला अजून दहा वर्षं आहेत. पार्लेकरांची जुनी रीत पाळा: स्लो गाडीने एक स्टेशन पुढे अंधेरीला जायचं, तिथे विरार फास्टमध्ये घुसायचं आणि विरारला उतरून डहाणूची गाडी धरायची. वैतरणेचा पूल ओलांडला की इमारती विरळ होतात. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. स्टेशनावर ‘पालघर’ लिहिलेलं असलं तरी जिल्हा अजून ठाणेच आहे. वेगळा पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडणार आहे.

डहाणू रोडला उतरून पूर्वेला वळा. चिकूच्या वाड्या मागे पडतात, आशागड येतं, मग गंजाड. गंजाडच्या कळंबीपाड्यावर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं घर आहे. वय सत्तरीला टेकलेलं. यंदा त्यांच्याकडे इंग्लंडहून पाहुणा आला आहे: कलावंत रिचर्ड लाँग. दोघांच्या कामाचं एकत्र प्रदर्शन जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात लागायचं आहे.

पण अंगणात पाऊल टाकण्याआधी मागे जाऊन या. ही भेट किती उलटी आहे, हे त्याशिवाय कळणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. तुम्ही एका वारली घरात वाकून शिरता. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण, त्यावर गेरूचा हात. आत जवळजवळ अंधार. लग्न आहे. सुवासिनी तांदळाच्या पिठात काडी बुडवून भिंतीवर लग्नाचा चौक लिहीत आहेत. काडीचं टोक चावून चावून कुंचल्यासारखं केलेलं. चौकात पालघाट देवी. बाहेर धवलेरी गाण्यांतून लग्न लावते आहे. लग्न पार पडलं की चौकाचं काम संपलं. धूर, धूळ आणि पुढचं लिंपण त्याला मिटवून टाकतील. जपून ठेवण्याचा विचार इथे कुणाच्या मनात नाही.

दारातून एक शहरी माणूस येतो, काखेत कागदांची गुंडाळी. हे भास्कर कुलकर्णी. बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलेसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांनाच मधुबनीला धाडलं होतं: बायका भिंतीवर काढतात ते त्यांनी कागदावर काढावं, म्हणजे विकता येईल आणि चूल पेटेल. आता तेच कागद घेऊन ते वारल्यांत आले आहेत. भिंती रंगवतात बायका, पण कुलकर्णींना इथे एक पुरुष सापडतो. लहानपणी आई गेली आणि या माणसाचं बोलणंच थांबलं. वर्षानुवर्षं तो धुळीत बोटाने रेघा काढून आपलं म्हणणं मांडत राहिला. जिव्या सोमा मशे कागद हातात घेतात. आता चित्रासाठी लग्न लागत नाही, चौकही लागत नाही. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरतं, १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार येतो. भिंत सुटली आणि चित्र प्रवासाला निघालं.

आता पॅरिस. १९८९चा उन्हाळा. पोंपिदू सेंटर आणि ला व्हिलेतच्या जुन्या मंडईत मिळून ‘माजिसियाँ द ला तेर’, म्हणजे ‘पृथ्वीवरचे जादूगार’, हे अवाढव्य प्रदर्शन लागलं आहे. शंभराहून अधिक कलावंत, निम्मे पाश्चात्त्य जगाबाहेरचे. निवड करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा: ज्याँ-ह्यूबेर मार्तँ. यादीत जिव्या सोमा मशे आहेत आणि रिचर्ड लाँगही आहे. ला व्हिलेतच्या दालनात जाऊन मान वर करा. भिंतीवर लाँगने हाताने चिखल थापून केलेलं प्रचंड वर्तुळ. आता खाली पाहा. जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमूच्या आदिवासींनी घातलेलं मातीचं चित्र. एकाच्या नावाला जग ओळखतं, दुसऱ्यांची ओळख समूहाच्या नावाने. वर कोण, खाली कोण, यावर पुढे टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली. तुम्हाला ते एका नजरेत दिसतं.

आणखी एक मुक्काम. जपानच्या निगाता प्रांतातलं तोकामाची, हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ पडणारं. डोंगरावरच्या बंद पडलेल्या शाळेत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय उघडलं. भारतातून लोककलावंतांना बोलवायचं, महिनोन् महिने राहायला द्यायचं, तिथेच चित्रं काढून घ्यायची आणि तिथेच लावायची. जिव्या सोमा मशे यांनीही इथे राहून काम केलं आहे. भिंतीवरची त्यांची चित्रं पाहा: बारीक रेघांची माणसं, एकही स्वस्थ उभं नाही. याच शाळेत जुलै २००१मध्ये मध्य प्रदेशचा जनगढ सिंह श्याम, गोंड चित्रकलेला कागदावर आणणारा, घरापासून हजारो किलोमीटर दूर आपलं आयुष्य संपवतो. इथे आवाज चढवून कुणावर बोट दाखवू नका. एवढंच ध्यानात घ्या की ‘राहायला या आणि चित्रं काढा’ हे आमंत्रण ऐकायला जितकं मोकळं, तितकं जगायला सोपं नसतं. पाहुण्याला भाषा येत नाही, परतीचा दिवस त्याच्या हातात नसतो आणि तो काय खातो-पितो, कुणाशी बोलतो, हे यजमान ठरवतो.

हे सगळं पाठीशी घेऊन कळंबीपाड्यावर परत या. २००३.

आता परका आहे तो गोरा माणूस. उंच, चालून चालून रापलेला. १९६७ साली, विद्यार्थी असताना, तो लंडनच्या वॉटर्लूहून गाडीत बसला, शहराबाहेर उतरला आणि एका माळावर गवतात पुन:पुन्हा त्याच रेषेत चालत राहिला. पायांखाली गवत दबून सरळ रेघ उमटली. तिचा फोटो काढला आणि निघून आला. त्या रेघेने त्याला कलेच्या इतिहासात नेलं. पुढे १९८९चं टर्नर पारितोषिक मिळालं. तेव्हापासून त्याची रीत तीच: चालायचं, वाटेत मिळतील ते दगड, माती, काटक्या घेऊन रेघ किंवा वर्तुळ मांडायचं, फोटो घ्यायचा, मांडलेलं तिथेच सोडायचं.

फ्रान्सच्या हर्वे पेर्द्रियोल यांनी ही गाठ घालून दिली आहे. भारतात राहून त्यांनी वारली चित्रं जमवली, मशे यांना जवळून ओळखलं. तुम्ही अंगणाच्या कडेला बसा. दुभाषाची फार गरज पडत नाही. लाँग आसपासची शेतं, पायवाटा, पाडे तुडवत फिरतो. मशे घरात खाली बसून कापडावर ओणवे होतात. जाळं काढायचं असेल तर ते सगळ्या कापडभर पसरतं, दोऱ्यादोऱ्याने, आणि मासे त्यात कुठेतरी अडकलेले. घाई नाही.

लाँगला इथे काय नवीन दिसत असेल, याचा विचार करा. आपण गवतात रेघ काढून सोडून दिली, तेव्हा कलाजगताला ते क्रांतिकारक वाटलं. या अंगणातल्या बायका लग्नाचा चौक लिहून पिढ्यान् पिढ्या तेच करत आल्या. मशे यांनी मात्र उलटी वाट धरली: जे पुसलं जायचं, ते कापडावर टिकवलं. म्हणजे एकजण टिकाऊ कलेच्या जगातून निघून मातीकडे आला आणि दुसरा मातीच्या भिंतीवरून टिकाऊ कापडावर गेला. दोघे अर्ध्या वाटेवर भेटले, पण भेटीची जागा मशे यांच्या दारात होती. ला व्हिलेतच्या भिंतीवर वरची जागा ज्याची होती, त्याने या वेळी प्रवास केला, पाडा शोधला, चहासाठी खाली बसला.

आणि मग ड्युसेलडॉर्फ, त्याच साली. ‘डायलॉग’ या नावाचं प्रदर्शन. संग्रहालयाचा संचालक कोण? तेच ज्याँ-ह्यूबेर मार्तँ. चौदा वर्षांपूर्वी दोघांना एका यादीत घालणाऱ्या माणसाने आता त्यांना समोरासमोर आणलं आहे. पाटीवर दोन माणसांची नावं आहेत, एक माणूस आणि एक समूह नाही. दालनातून हिंडताना एक गोष्ट मात्र कबूल करा: इथे धवलेरी नाही, धूर नाही, पिठाचा वास नाही. चालण्याचे श्रम फोटोत येत नाहीत आणि ओणवं बसून आखडलेली पाठ कापडावर दिसत नाही. मुक्कामात जे घडतं, त्यातलं जे भिंतीला टांगता येतं तेवढंच प्रदर्शनात पोचतं. २००४ साली हेच प्रदर्शन मिलानला जाईल आणि अंगण आणखी लांब राहील.

पण अंगणाकडे यायची वाट एकदा पडली ती पडली. पुढच्या दशकात ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’च्या निमित्ताने जपानी कलावंत गंजाडला राहायला येऊ लागतात आणि गावातल्या शाळेच्या भिंती रंगवतात. तोकामाचीला बंद शाळेत वारली पाहुणे राबले. गंजाडला पोरांनी गजबजलेल्या शाळेत जपानी पाहुणे राबतात, आणि यजमान आहेत वारली.

जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळते. मे २०१८मध्ये ते जातात. तुम्ही आपल्या काळात परत या. यापुढे कुठल्याही गॅलरीत ‘आंतरराष्ट्रीय कलानिवासात घडलेली चित्रं’ अशी पाटी दिसली, तर रंगसंगतीकडे वळण्याआधी चौकशी करा: कोण कुणाकडे राहायला गेलं होतं, परतीची तारीख कुणी ठरवली आणि चित्रं शेवटी कुणाच्या भिंतीवर राहिली? या तीन उत्तरांतून चित्राबद्दल जे कळतं, ते पाटीवर छापलेलं नसतं. आणि उत्तरं प्रत्यक्ष जागेवर जाऊन शोधायची असतील, तर अंधेरीहून आता डहाणू लोकल थेट जाते.