आज्याच्या शिंगातली दारू

तुम्ही केडगावातच उभे आहात. पुणे रस्त्यावरचे ट्रक तेवढे नाहीसे झालेत, आणि पायाखालचं डांबर जाऊन काळा चिखल आलाय. साल 1803, ऑगस्टची 7 तारीख, श्रावणाचा वद्यपक्ष. नगरचा किल्ला इथून दोनेक कोसांवर. तिकडे दक्षिणेला वाळकीला आर्थर वेलस्लीची फौज पावसानं अडवून धरली आहे. इंग्रज आणि शिंदे यांच्यातली लढाई कालच जाहीर झाली. रस्ते चिखलात गेले म्हणून किल्ल्याला थोडी सवड मिळाली, एवढंच.

"पाहुणं, भिजत काय उभं ऱ्हाता? आत या. चिलीम असंल तर तेवढी वळचणीला ठिवा."

तुमच्याकडे चिलीम नाही. पण पडवीत पाऊल टाकलंत की म्हातारबांनी आधी तिचीच चौकशी का केली ते कळतं. मधोमध लाकडी काथवट मांडली आहे आणि नातू तिच्यात म्हशीचं शिंग उपडं करतोय. म्हातारबांचा आजा पेशव्यांच्या अमलात किल्ल्यावर शिबंदीला होता. त्याच्यामागे तोड्याची बंदूक आणि हे शिंग घरात राहिलं. बंदूक खुंटीवर, शिंग उतरंडीमागे. गेल्या साली पुण्याकडे जाणारे होळकरांचे स्वार मुलूख उजाड करत गेले, तेव्हापासून शिंगाची आठवण सारखी निघते.

निम्मी दारू सळसळत बाहेर येते. बाकीची येत नाही. तोंडाशी ओल धरून तिचे खडे झालेत. पोरगा बांबूच्या काडीनं हळूहळू कोचतो. इथं लोखंड लावायचं नाही हे त्याला सांगावं लागत नाही. एक खडा तुमच्या तळहातावर ठेवतो. काळ्या खड्यावर पांढुरका थर आहे. तुम्हाला बुरशी वाटते, पण तो सोरा आहे. पाण्यानं गंधकाचं आणि कोळशाचं फारसं बिघडत नाही. सोरा मात्र विरघळतो. दारू सर्दावली की तो जागा सोडतो आणि वाळताना दाण्याच्या अंगावर येऊन बसतो. म्हणजे शिंगात तिन्ही जिन्नस पूर्वीइतकेच आहेत, फक्त त्यांचा मेळ मोडलाय.

म्हातारबा खापरी घेतात. सुट्या दारूची चिमूट तिच्यावर ठेवून तोड्याचं जळतं टोक टेकवतात. भस्सकन उजेड, पांढरा धूर, आणि खापरीवर जेमतेम डाग. मग खड्याचा चुरा. तो चरचरत, रेंगाळत जळतो आणि मागे काळे मणी ठेवतो.

"आबा, हलकी पडलीया," पोरगा म्हणतो. "दीड माप घालू का?"

"आन् नळी फुटली तर? त्वांड कुठं ठिवशील?"

म्हातारबांनी एका वाक्यात जे झटकून टाकलं तिथंच खरी मेख आहे. जुनी दारू नुसती कमजोर असती तर हिशेब सोपा होता. ती सगळीकडे सारखी कमजोर नसते. आज खड्यांतली भरून फुसका बार झाला म्हणून उद्या माप वाढवाल, आणि नेमकी ती सुटी, जिवंत दारू नळीत जाईल. गजानं ठासाल, कानात रंजक घालाल, गाल दस्त्याला लावाल. आतून किती गंजली आहे हे कुणी न पाहिलेली लोखंडी नळी आणि तुमचा डोळा यांत वीतभरही अंतर नाही.

पोराचा दुसरा उपाय उन्हाचा. श्रावणात ऊन आणायचं कुठून? आणि ऊन पाणी काढून घेईल, बाहेर आलेला सोरा परत दाण्यात थोडाच घालणार आहे? असली दारू नव्यानं घोटून, दाणे पाडूनच घ्यावी लागते. ते काम जाणत्या कारागिराचं. घरातल्या उखळात असलं धाडस करणाऱ्यांची घरं उडतात.

पाऊस थांबत नाही, तेव्हा गोष्टी निघतात. नगरात किल्ल्याची गोष्ट निघाली की चांदबीबी येणारच. तांब्याच्या गोळ्या संपल्या, चांदीच्या झाडल्या, मग सोन्याच्या, शेवटी जडजवाहीर तोफेत भरलं. पोरगा डोळे विस्फारून ऐकतोय. तुम्ही ऐकता ऐकताच आणखी 207 वर्षं मागे घसरता.

फेब्रुवारी 1596. बाहेर शाहजादा मुराद आणि खानखानान यांचा वेढा, तुम्ही तटाच्या पोटात. मुघलांनी तटाखाली सुरुंग नेलेत, ही बातमी त्यांच्याच छावणीतल्या एका शिराझी सरदारानं आत पोचवली आहे. तुम्ही आतून खणत निघालात. भिंतीपलीकडे कुणी बोललं तरी ऐकू येईल इतकं जवळ. दोन सुरुंग निकामी होतात. तिसऱ्यावर काम चालू असतानाच तो उडतो आणि पन्नासेक गज तट माणसांसकट आकाशात जातो. धूळ खाली बसते तेव्हा खिंडारात चांदबीबी उभी आहे. तोंडावर बुरखा, हातात तलवार. रात्रीतून भिंत पुन्हा माणूसभर उंच होते, आणि मुघल शेवटी वऱ्हाड घेऊन तह करतात.

सोन्याच्या गोळ्या पोरांना सांगायला छानच आहेत. पण गोळी नाण्याची करता येते, खिळ्याची, गारगोटीचीही करता येते. दारूच्या जागी मात्र काही चालत नाही. खजिना तोफेत घालणाऱ्या राणीकडे कोरडी दारू शिल्लक होती, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

8 तारखेला सकाळी पुन्हा केडगाव. पाऊस थांबलाय. नगरच्या दिशेनं बंदुकांचा कडकडाट येतो. पेठेची भिंत पाडायला इंग्रजांनी दारू खर्चच केली नाही, शिड्या लावल्या. आतले अरब शिपाई जिद्दीनं लढले, तरी पेठ त्याच दिवशी गेली. 10 तारखेला उजाडता उजाडता किल्ल्यावर चार तोफांचा मोर्चा सुरू झाला. 12 तारखेला किल्लेदार 1400 माणसांसह बाहेर पडला. निजामशाहीनंतर मुघल, मग निजाम, 1759 मध्ये पेशवे, 1797 मध्ये शिंदे, आता कंपनी. दर वेळी नव्या धन्याला कोठारंही आयती मिळाली. आधीच्यानं ती कशी राखली होती, ते त्याला बत्ती दिल्यावरच कळायचं.

आता परत या. तुमच्या केडगावच्या घरात माळ्यावर एक डबा आहे. आजोबांची बारा बोअरची बंदूक, पितळी काडतुसं, आणि ती पुन्हा भरायला त्यांनी कधी काळी जमवलेली भुकटी. शिंगातल्या दारूवरून या डब्याची पारख करायला जाऊ नका. 1884 मध्ये पॉल व्हिएल यानं फ्रान्समध्ये बिनधुराची दारू बनवली आणि सगळा मामला बदलला. काळी दारू हे मिश्रण होतं. कोरडी ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिके. ही नवी दारू नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे तिचा रेणूच हळूहळू मोडत असतो, झाकण कितीही घट्ट असो. तो वेग रोखायला कारखाना तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखं रसायन घालतो. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखाली ते लवकर खपतं. मग आंबूस, झोंबणारा वास, तांबूस वाफ, आतून गंजलेलं झाकण. आणि साठा आपल्याच उष्णतेनं पेटूही शकतो. शिवाय डब्यावरचं नाव आणि आतली भुकटी एकच असेल याची हमी कोण देणार? बिनधुराच्या भुकट्यांची ताकद एकमेकींपासून फार वेगळी असते. काळ्या दारूच्या मापानं त्यातली एखादी भरली तर नळी फुटायला जुनी असण्याचीही गरज नाही.

नगरकरांना खरं तर हे सांगायला नको. लष्कराच्या के. के. रेंजवर सरावात न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलून, ठोकून, आसपासच्या गावांत माणसं गेली आहेत. तरी "आजोबांचं आहे, वाया कशाला घालवा" हा सूर घरोघरी निघतो. आजोबांचा परवाना आजोबांपुरताच होता. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे कायदेशीर ताबा संपला की हत्यार आणि दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. बंदूक वारसाला हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा. भुकटीचा डबा मात्र पिशवीत घालून मोटारसायकलवरून नेऊ नका. झाकण उघडून वास घेऊ नका, संडासात ओतू नका, शेतात पेटवू नका. माळ्याची शिडी काढून घ्या, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका आणि ठाण्याला फोन करा. डबा किती मोठा, कुठे ठेवलाय, पत्र्याला गंज दिसतो का, एवढं खालूनच सांगता येतं. पुढचं बॉम्ब शोधक व नाशक पथक बघेल.